आपल्या साहित्यातले गैरहजर मूल

भाऊबीज झाली की दिवाळीची सुट्टी उतरणीला लागते. आकाशकंदील उतरवला जातो, डब्याच्या तळाशी राहिलेल्या चकल्या मऊ पडू लागतात, आणि घरोघरी न झालेल्या दिवाळीच्या अभ्यासाचा शोध सुरू होतो. ह्या हुरहुरीविषयी आपल्या लेखकांनी पुष्कळ आणि गोड लिहिले आहे. परंतु शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री काही थोड्या घरांत एखादे मूल जागे असते, त्याची हकिकत निराळी आहे. त्याचा अभ्यास पुरा झालेला असतो. दप्तर भरलेले असते. उद्या जायचेच, असे त्याने स्वतःशी ठरवलेले असते. आणि सकाळी पोटात कळ येते, हातपाय गार पडतात, ओकारी होते, आणि ते मूल दाराची चौकट घट्ट धरून उभे राहते.

ह्या मुलाविषयी आपल्या वाङ्मयाने काय लिहिले आणि काय लिहायचे राहिले, हा आजचा विषय. दिवाळीच्या फराळाबरोबर तो जरा कडू लागेल, त्याला इलाज नाही.

वाचकहो, मी समीक्षक नव्हे. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते, ज्याला आमचे आजोबा मॅट्रिक म्हणत तेवढेच. पुढे चित्रकलेचा शिक्षकी अभ्यासक्रम केला आणि तालुक्याच्या गावी एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक झालो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा हे जे लिहितो आहे ते अधिकाराने नव्हे. त्यात माझे स्वतःचे एक देणे गुंतलेले आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत शाळेला न जाणाऱ्या एका मुलाचे प्रकरण आहे. प्रार्थनेची घंटा झाली की ह्याच्या पोटात दुखू लागे. आजी ओवा चावायला देई. मग मास्तर चार दांडगी मुले पाठवीत, ती ह्याला हातापायांनी उचलून, झोळीसारखे झुलवीत, गावातून वाजतगाजत शाळेत आणीत. जुन्या काळी अशी उचलबांगडी होत असे, हे आपण आजोबांच्या तोंडून ऐकले आहेच. मी त्या प्रसंगात भरपूर हशा भरला होता. कादंबरीतले एवढेच पान लोकांच्या लक्षात राहिले. एका स्नेहसंमेलनात मुलांनी त्याची नाटुकलीही केली. टाळ्या पडल्या. मी पुढच्या रांगेत बसून त्या घेतल्या.

आधी शब्दांकडे पाहू, कारण साहित्याची सुरुवात तिथूनच होते. शाळा चुकवणाऱ्या मुलासाठी मराठीत शब्द थोडे नाहीत. बुट्टी मारणे, दांडी मारणे, कामचुकार, लाडावलेला, ढोंगी. ह्या सर्व शब्दांत एक गृहीत आहे: मुलाला शाळेपेक्षा दुसरे काही अधिक हवे आहे. आंबे पाडायचे आहेत, ओढ्यात डुंबायचे आहे, सिनेमा पाहायचा आहे. परंतु ज्याला शाळेतच यायचे आहे आणि येता येत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. सरकारी कागदात 'अनियमित' असे लिहितात. तो शब्द शाळेपेक्षा पावसाला अधिक शोभतो.

पाश्चात्त्य वैद्यांनाही हे वेगळेपण उशिराच दिसले. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉडविन नावाच्या मानसोपचारकाने गैरहजेरीच्या ह्या निराळ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. बुट्टी मारणाऱ्या मुलाचा पत्ता आईबापांना नसतो. हे मूल मात्र घरीच असते, आईच्या नजरेसमोर, आणि शाळेची वेळ टळली की शांत होते. १९४१ मध्ये अॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'शाळेची भीती' असे नाव दिले. पुढे भीतीऐवजी 'नकार' म्हणू लागले. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. भीती म्हटले की आपण विचारतो, 'कोणाची?' आणि एखादा दुष्ट मास्तर शोधू लागतो. नकार म्हटले की मूल हट्टी ठरते. पोटातली ती कळ मात्र खरी असते. ती वैद्याच्या तपासणीत सापडत नाही म्हणून खोटी ठरत नाही. परीक्षेच्या दालनाबाहेर आपल्याही तळहातांना घाम सुटतोच की.

रवींद्रनाथांच्या बालपणीची एक गोष्ट 'जीवनस्मृती'त आहे. थोरली मुले शाळेत निघाली तेव्हा छोट्या रवीने मलाही जायचे म्हणून रड मांडली. घरच्या शिक्षकाने एक चपराक देऊन बजावले की आज जायला रडतो आहेस, उद्या न जाण्यासाठी याहून अधिक रडशील. रवींद्रनाथ म्हणतात, इतके खरे ठरलेले भविष्य त्यांनी आयुष्यात दुसरे ऐकले नाही. पुढे 'छेलेबेला' ह्या १९४० च्या पुस्तकात आजारी पडण्याच्या युक्त्या येतात. जोडे भिजवून घालावेत, तर सर्दी होत नाही. पोटदुखीचे निमित्त आईपाशी सांगावे, तर आई मनातल्या मनात हसते आणि मास्तरांना आज येऊ नका म्हणून निरोप पाठवते. फार लोभस पाने आहेत ती. परंतु नीट पाहिले तर हा दुखणे हवे असणारा मुलगा आहे. दुखणे नको असताना ज्याला ते येते, तो इथे नाही. आपण मात्र ह्या लोभसपणाच्या चष्म्यातून त्या दुसऱ्या मुलाकडे पाहतो आणि त्याच्या आईसारखे हसतो. फरक एवढाच, की ती आई हसून त्याला एक दिवस मोकळा सोडत असे.

आर. के. नारायण यांचा स्वामी आपल्या घराघरांत पोचला तो दूरदर्शनवरच्या 'मालगुडी डेज'मुळे. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी १९३५ ची. तिच्या पहिल्याच पानावर सोमवारची सकाळ आहे. त्याच स्वामीच्या एका गोष्टीत त्याला सोमवारी डोके दुखते. आई घरी राहा म्हणते, वडील जा म्हणतात. स्वामी घाईघाईने सांगतो की सॅम्युएल मास्तर उशिरा येणाऱ्याला भयंकर मारतात. वडील चिडतात, आणि चिडतात कोणावर, तर मास्तरांवर! ते हेडमास्तरांना कडक पत्र लिहून स्वामीच्याच हाती देतात. आता खरी पंचाईत. पत्र खरे ठरावे म्हणून स्वामी दिवसभर सॅम्युएल मास्तरांनी आपल्याला मारावे अशी खटपट करतो.

ही गोष्ट मी तीस वेळा तरी वाचली असेल. आधी मला ती निव्वळ गंमत वाटे. आता तिच्यातल्या वडिलांकडे लक्ष जाते. त्यांना मुलाचे दुखणे समजून घ्यायचे नाही. त्यांना कोणी तरी गुन्हेगार हवा आहे. डोके दुखते म्हणजे एक तर मुलगा खोटा, नाही तर मास्तर दुष्ट. तिसरी शक्यता त्यांच्या डोक्यात शिरत नाही. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत असे वडील मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या समोर बसलेला, असाच गुन्हेगार शोधणारा शिक्षकही पाहिला आहे. तो कित्येकदा मीच होतो. 'घरचे वातावरण ठीक नाही' हे आमच्या शिक्षकवर्गाचे आवडते वाक्य. ते म्हटले की काम संपते. नारायण यांना हे सगळे माहीत होते. म्हणून तर स्वामी मदतीलाच अधिक घाबरलेला दिसतो. विनोदी गोष्टीत एवढे सत्य सापडणे ही मोठी गोष्ट आहे.

आता 'श्यामची आई'. ह्या पुस्तकाविषयी टीकेचा शब्द काढणे म्हणजे देवघरात चपला घालून जाण्यासारखे, हे मी जाणतो. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये साने गुरुजींनी ते लिहिले, १९३५ मध्ये ते छापले गेले, आणि अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याही डोळ्यांना पाणी आणले. त्यातला श्यामच्या पोहण्याचा प्रसंग आठवा. पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरल्या आहेत, गावची मुले पोहायला शिकत आहेत, आणि श्यामला पाण्याची भीती वाटते. तो लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते, आणि मारीत मारीत बाहेर पाठवते. श्याम पाण्यात पडतो, भीती जाते, हर्षाने घरी येतो. मग आई त्याच्या अंगावरचे वळ पाहते, तिचे डोळे भरून येतात, आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे आपल्याला सोसवत नाही असे ती त्याला समजावते.

मराठी माणसाच्या मनात भीतीवरच्या उपायाचे जे चित्र आहे, ते ह्या प्रसंगाने घडवले आहे असे म्हणण्यास हरकत नाही. प्रेमाने मारावे, एकदा ढकलावे, आणि भीती कायमची जाते. प्रसंग खोटा नाही. गुरुजींनी तो सच्चेपणाने सांगितला आहे, आणि आईच्या डोळ्यांतले पाणी वगळून तो सांगणाऱ्याने तो वाचलेलाच नाही. परंतु श्यामला पोहायला शिकवले कोणी? आईने त्याला विहिरीपर्यंत पाठवले. पाण्यात त्याला सावरायला माणसे होती, कमरेला आधार होता. आपण मार लक्षात ठेवला आणि आधार विसरलो. कडेवर येईपर्यंत धरून ठेवणारे हात नसते, तर त्या मारातून केवळ एक अपघात निर्माण झाला असता.

दुसरे असे की हे लिहिणारे गुरुजी स्वतः शिक्षक म्हणून निराळे वागले. अमळनेरच्या शाळेत आणि वसतिगृहात असताना ते मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांची अंथरुणे आवरून ठेवीत, हे सर्वश्रुत आहे. घरापासून दूर पडलेल्या मुलाला सकाळी उठल्यावर आपली खोली कोणी तरी नीट लावून ठेवली आहे असे दिसणे, ह्यातही एक उपाय आहे. तो शांत आहे, त्यात नाट्य नाही. म्हणून त्याच्यावर चित्रपटातला प्रसंग होत नाही.

हे सगळे मला आपोआप सुचले असा कोणाचा समज होऊ नये. मला ते एका आईने शिकवले.

माझ्या शाळेत सहावीत एक मुलगी होती. हुशार, अबोल, अक्षर मोत्यासारखे. चित्र मात्र तिला मुळीच जमत नसे. तिचा हत्ती आणि तिची म्हैस यांत सोंडेपुरता फरक. सातवीच्या प्रारंभी ती येईनाशी झाली. आधी सोमवार, मग सोमवार-मंगळवार, मग महिनाभर. एका संध्याकाळी तिची आई चित्रकलेच्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"बसा ना," मी म्हणालो.

"नाही सर, उभीच बरी आहे." मग थोड्या वेळाने, "सर, तुमचं ते पुस्तक आमच्या घरी आहे. तो उचलून नेण्याचा प्रसंग आम्ही सगळे मिळून वाचला होता. हिनंही वाचला होता. खूप हसलो होतो."

मी संकोचून काही तरी म्हणालो.

"मागच्या सोमवारी हिच्या बाबांनी आणि काकांनी तसंच केलं. दोघांनी हातपाय धरून रिक्षात घातलं. शेजारी बघत होते. कोणी तरी हसलंसुद्धा. तेव्हापासून ती माझा पदर सोडत नाही. स्वयंपाकघरात गेले तरी मागं येते."

तक्रार म्हणून त्या बोलल्या नाहीत. मला एक माहिती द्यावी तशा बोलल्या. माझ्या त्या पानातल्या मुलाला उचलून आणल्यावर पुढे काय झाले, हे मी लिहिलेच नव्हते. प्रकरण हशावर संपवले होते. पुढचा सोमवार माझ्या कादंबरीत उजाडलाच नाही.

त्या आदल्या वर्षी आईचे एक मोठे आजारपण झाले होते, असे हळूहळू कळले. मुलगी वर्गात असताना आईला रुग्णालयात नेले होते. तेव्हापासून 'मी शाळेत असताना आईला काही झाले तर' हा विचार तिच्या डोक्यात घर करून बसला. त्यात वर्गात उभे राहून मोठ्याने वाचण्याची धास्ती. शाळेत कोणी तिला छळले नव्हते, घरीही कोणी दुष्ट नव्हते. स्वामीच्या वडिलांना पत्र लिहायला पत्ताच सापडला नसता.

इथे एका चित्रपटाचा उल्लेख केला पाहिजे, कारण चित्रकलेच्या शिक्षकाला तो टाळता येत नाही. 'तारे जमीन पर' २००७ च्या डिसेंबरात आला. त्यातला ईशान शाळा चुकवून मुंबईच्या रस्त्यांवरून एकटा हिंडतो, तो भाग मला आजही अप्रतिम वाटतो. अक्षरे त्याच्यासमोर नाचतात, ही गोष्ट लाखो पालकांना त्या चित्रपटाने समजावली. त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु शेवट पाहा. निकुंभ सर चित्रकलेची स्पर्धा घेतात, आणि ईशानला पहिले बक्षीस मिळते. चित्रपटगृहात सगळे रडले, मीही रडलो. मग घरी येताना वाटू लागले, ईशानचे चित्र साधारण निघाले असते तर? त्यानंतर कित्येक आई-वडील आपले बावरलेले मूल माझ्याकडे घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न असे: सर, ह्याच्या आत काही दडले आहे का? बहुतेकांच्या आत एक साधे मूल दडलेले होते. घाबरलेल्या मुलाला आपण वर्गात घेऊ, पण त्याने प्रवेशशुल्क म्हणून प्रतिभा भरावी, अशी ती अट होती. आमच्या मुलीला हत्ती जमत नव्हता. तिने काय करावे?

मग माझ्या लक्षात आले की ह्या सगळ्या कथांना एकच खोड आहे. श्याम एका दिवसात पोहायला लागतो. ईशान एका स्पर्धेत उजळतो. माझ्या कादंबरीतला पोऱ्या एका उचलबांगडीत शाळेत येतो. आम्हां कथाकारांना कलाटणी हवी असते. उंबरठा एकदा ओलांडला की आम्ही पूर्णविराम देतो. परंतु अशा मुलाला तोच उंबरठा रोज सकाळी नव्याने ओलांडायचा असतो. काल ओलांडला म्हणून आज सोपा होतो असे नाही, आणि चार दिवस सुट्टी लागली तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. अशा गोष्टीला आरंभ-मध्य-अंत नसतो. ती कंटाळवाणी असते. म्हणून ती लिहिली गेली नाही, आणि लिहिली गेली नाही म्हणून आई-बापांना, मास्तरांना ती ठाऊक नाही. आमच्या मुलीचा काका काही क्रूर माणूस नव्हता. त्याला गोष्टीतला उपाय तेवढा माहीत होता.

त्या मुलीची कंटाळवाणी गोष्ट मी थोडक्यात सांगतो. जिल्ह्याच्या गावच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आईला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ओढून न्यायचे नाही. आणि घरीही बसू द्यायचे नाही. घरी राहिले की जिवाला क्षणभर बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यानेच भीती आणखी बळावते. ह्या दोन वाक्यांच्या मधली वाट अतिशय अरुंद होती. पहिला आठवडा ती आईबरोबर संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, फाटकापर्यंत यायची आणि परत जायची. दुसऱ्या आठवड्यात फाटकाच्या आत, रिकाम्या पटांगणात. मग माझ्या खोलीत. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी आणि मी, दोघेच. मावशींनी तिला काही विचारले नाही. 'का गं येत नाहीस?' हा प्रश्न साऱ्या गावाने विचारून झाला होता. त्यांनी तिच्या हाती ब्रश धुवायला दिले. पुढे शेवटच्या तासाला वर्गात, दाराजवळच्या बाकावर. मग शेवटचे दोन तास. दिवस आम्ही उलट्या बाजूने भरत गेलो. सुटायची घंटा जवळ असली की तिला धीर राही. आईने फाटकाशी निरोप घेताना रेंगाळायचे नाही, हे सर्वांत अवघड ठरले. त्या फाटक ओलांडून कोपऱ्यावरच्या दुकानाआड जाऊन रडत आणि मग घरी जात. वर्गशिक्षकांनी मोठ्याने वाचायला उठवायचे नाही असे कबूल केले, आणि ते पाळलेही.

एक अडचण मात्र कोणाला सुचली नव्हती. हजेरी पहिल्या तासाला घेतात. सहाव्या तासाला येणारी मुलगी हजेरीपटावर गैरहजरच. मुख्याध्यापकांपुढे प्रश्न गेला. ते नियमाला पक्के, चष्मा काढून म्हणाले, "अहो, ह्या पटात दोनच खुणा आहेत. तिसरी मी कुठून आणू?" अखेर त्यांनी कडेला पेन्सिलीने तासांचे आकडे लिहायला परवानगी दिली. पेन्सिलीने, म्हणजे तपासणीला खोडता येतील. मला त्या माणसाविषयी आदर वाटला.

दिवाळीची सुट्टी आली आणि सगळे मुसळ केरात. शाळा उघडली त्या दिवशी ती पुन्हा फाटकाशी उभी. मी हताश झालो. आई झाल्या नाहीत. पुन्हा संध्याकाळपासून सुरुवात झाली. ह्या खेपेला आठ दिवस लागले.

अशी हळूहळूची गोष्ट आपल्याकडे अगदीच कोणी लिहिली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर १९५५ मध्येच मराठीत आला. त्याच्या शाळेत मुलेच नाहीत, कारण ती मेंढरांमागे रानात आहेत. मास्तर छडी उगारत नाही. तो वाडीच्या वेळापत्रकात आपली शाळा बसवतो. तिथे भीतीचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. तरी शाळेनेच आधी एक पाऊल टाकायचे, ही दृष्टी त्या कादंबरीत आहे, आणि तिच्यात कोणतीही एक सकाळ निर्णायक नाही. कोसबादच्या टेकडीवर तर ही दृष्टी प्रत्यक्षात उतरली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबादला जे काम केले, त्यात अंगणवाडी आली आणि कुरणशाळाही आली. वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येत ना. तर शाळाच गुरांच्या कुरणात गेली. आमच्या कादंबरीकारांना एवढा मोठा विषय दाराशी असून दिसू नये, ह्याचे मला आश्चर्य वाटते. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टींत लहान मुलाच्या मनातली उलथापालथ जितकी बारकाईने आली आहे, तितकी क्वचितच कुठे असेल. त्या लेखणीला हे मूल सापडायला हवे होते असे राहून राहून वाटते. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'बद्दल इथे बोलत नाही; तिथे मुले शाळेत जातात ती कोणाला तरी पाहायला, आणि त्यांना अडवणेच कठीण.

ज्या एका पुस्तकाने मला धीर दिला ते जपानी आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' १९८१ मध्ये तिकडे निघाले, आणि आपल्याकडे मराठीतही घराघरांत वाचले गेले. पहिल्या शाळेने काढून टाकलेली ही मुलगी तोमोए नावाच्या, आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते. तिथले कोबायाशी गुरुजी पहिल्या दिवशी तिला समोर बसवून चार तास तिचे बोलणे ऐकतात. चार तास! आमच्या शाळेत प्रवेशाच्या दिवशी चार मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. ह्या पुस्तकात कलाटणी नाही. दिवसामागून दिवस येतात, डबे उघडले जातात, झाडावर चढले जाते. तोत्तोचान 'बरी' कधी होते ते पान सापडत नाही. १९४५ च्या बाँबहल्ल्यात शाळा जळून जाते, एवढाच काय तो शेवट. आणि ज्या देशाने हे पुस्तक डोक्यावर घेतले, त्याच देशात २०२३ च्या शैक्षणिक वर्षात ३,४०,००० हून अधिक मुले तीस दिवस वा त्याहून जास्त शाळेपासून दूर राहिली, असा तिथल्या शिक्षण मंत्रालयाचाच हिशेब आहे. ह्यात आजारपणामुळे किंवा गरिबीमुळे न आलेली मुले धरलेली नाहीत. पुस्तके वाचून शाळा बदलतात, ह्या समजुतीला ह्याहून मोठा धक्का नको. परंतु त्यांनी ती मुले मोजली तरी आहेत. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या, तेव्हा फाटकाशी थबकलेली किती होती, हे आम्ही शिक्षक आपापल्या वर्गापुरते सांगू शकतो, त्यापलीकडे नाही.

माझी ती कादंबरी संपली आहे आणि प्रकाशकांना दुसरी आवृत्ती काढायची आहे. मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले. उचलबांगडी ठेवली, कारण ती होत असे. पण त्यानंतरचा सोमवार घातला, मंगळवार घातला. प्रकरण लांबले आणि त्यातला हशा निघून गेला. प्रकाशकांनी ते वाचले आणि दूरध्वनीवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अहो, तुमच्या पुस्तकात तेवढाच तर विनोद होता!"

ती मुलगी आता नववीत आहे. पुष्कळ दिवस येते, काही सोमवारी येत नाही. तिच्या आईच्या परवानगीने ते नवे प्रकरण मी तिला वाचायला दिले होते. दोन दिवसांनी कागद परत आणून दिले. चांगले-वाईट काही बोलली नाही.

"सर, एक चुकलंय," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंय, घंटा झाली की त्याच्या पोटात दुखतं. घंटेला नाही दुखत. रविवारी संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेलाच सुरू होतं."

मी तेवढे दुरुस्त केले आहे.